नानांचा स्टिरिओस्कोप

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं पुतणीच्या फोनचं. ती नकाशांचं काम करते. म्हणजे ड्रोनने वरून काढलेले शेकडो फोटो संगणकावर जोडायचे आणि जमिनीच्या एकेका तुकड्याला रंग आणि नाव द्यायचं. सध्या तिच्याकडे आमच्याच खेड तालुक्यातली काही गावं आली आहेत.

"काका, आपल्या गावच्या टेकडीचा फोटो पाठवलाय, बघा. किती हिरवीगार झालीये! आणि टेकडीखालच्या माळाला काय नाव देऊ? माझ्या यादीत 'पडीक' आहे. तेच लावते."

"थांब जरा," मी म्हणालो. का म्हणालो ते मलाही लगेच कळलं नाही. फोन ठेवला आणि पोटमाळ्यावरची नानांची पेटी खाली काढली.

नाना म्हणजे माझे थोरले काका. वनखात्यात होते. १९७०च्या आसपास खात्याने त्यांना डेहराडूनला शिकायला पाठवलं. तिथे १९६६ साली हॉलंडच्या मदतीने 'इंडियन फोटो-इंटरप्रिटेशन इन्स्टिट्यूट' सुरू झाली होती, विमानातून काढलेले फोटो वाचायला शिकवणारी शाळाच म्हणा ना. (आज तिचं नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग.) तिथून येताना नानांनी एक वस्तू आणली. चष्म्यासारखी दोन भिंगं आणि खाली तारेचे घडीचे पाय. खिशात मावणारा स्टिरिओस्कोप.

विमानातले फोटो काही ते घरी आणू शकत नव्हते. तो गोपनीय मामला, संरक्षण खात्याच्या परवानगीचा. मग आम्हा पोरांसाठी त्यांनी युक्ती केली. टेकडीवर उभं राहून अॅग्फा क्लिक थ्रीने गावाचा एक फोटो काढला, चार पावलं बाजूला सरकून दुसरा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि वर स्टिरिओस्कोप ठेवला. आधी सगळं दुहेरी, पुसट. आणि मग एकदम देवळाचा कळस कागदातून वर आला! पारावरचा पिंपळ उभा राहिला. मी बोट लावून बघायला गेलो तर सगळे हसले.

नानांनी समजावलं होतं ते अजून आठवतंय. विमान सरळ रेषेत उडतं आणि फोटो असे घेतात की प्रत्येकात आधीच्या फोटोतली साधारण साठ टक्के जमीन पुन्हा यावी. म्हणजे एकच झाड दोन जागांवरून दिसतं, जसं आपल्या दोन डोळ्यांना दिसतं तसं. त्यावरून झाडाची उंची मोजायची, माथ्याचा घेर मोजायचा, आणि दोन्ही मिळून लाकूड किती निघेल याचा अंदाज बांधायचा.

लाकूड! आता मागे वळून वाचताना लक्षात येतं की या सगळ्याची सुरुवातच लाकडापासून आहे. आपल्याकडे विमानातून जंगल मोजायचा पहिला मोठा प्रयोग १९२४ साली झाला, तो इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. खाड्या, चिखल, भरती-ओहोटी. माणसाने पायी फिरून मोजणी करायची तर वर्षं जायची. सरकारला प्रश्न एकच होता, कुठे कोणती झाडं आहेत आणि किती. विमानाने त्याचं उत्तर दिलं.

स्वातंत्र्यानंतर १९६५ साली केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने वनांची जी मोठी पाहणी सुरू केली, तिचं नावच 'प्री-इन्व्हेस्टमेंट सर्व्हे' होतं. म्हणजे गुंतवणुकीआधीची पाहणी. लाकडावर चालणारे कारखाने काढायचे तर कच्चा माल किती आहे, हे आधी कळायला हवं. प्रश्न पुन्हा तोच.

मग कुणीतरी वेगळा प्रश्न विचारला. त्या माणसाचं आपल्या पुण्याशी नातं आहे, म्हणून सांगायला विशेष बरं वाटतं. प्रा. पी. आर. पिशारोटी. १९६२ साली पुण्यात हवामानशास्त्राची जी संस्था निघाली (पाषाण रस्त्यावरची आयआयटीएम), तिचे ते पहिले संचालक. पुढे ते अहमदाबादला गेले. केरळात नारळाच्या झाडांना मूळकूज रोग लागला होता. पिशारोटींनी १९७०च्या सुमारास हेलिकॉप्टरमधून त्या बागांचे इन्फ्रारेड फिल्मवर फोटो घेतले.

ही फिल्म मुळात लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात हिरव्या रंगाखाली लपवलेले रणगाडे शोधायला वापरली गेलेली. निरोगी पान आपल्याला हिरवं दिसतं, पण आपल्या डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण ते त्याहून कितीतरी जास्त परावर्तित करतं. फिल्मवर ते लालभडक उमटतं. हिरवा रंग फासलेलं कापड तसं उमटत नाही. आजारी पानाच्या आतली रचना बिघडली की ती लालीही उतरते, आणि पान पिवळं पडायच्या आधी उतरते. जमिनीवरून जी झाडं धडधाकट दिसत होती, त्यांतली आजारी झाडं अशी वरून ओळखू आली. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानतात. इथे लाकूड किती हा प्रश्नच नव्हता. झाडाला बरं आहे का, एवढंच विचारलं होतं.

पुढे विमानाच्या जागी उपग्रह आले आणि प्रश्न झाला, देशात जंगल उरलंय किती? १९८४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने सांगितलं की १९७२-७५ मध्ये १६.८९ टक्के जमिनीवर जंगल होतं, ते १९८०-८२ मध्ये १४.१० टक्क्यांवर आलं. दरम्यान त्या जुन्या पाहणीचं १९८१ साली 'भारतीय वन सर्वेक्षण' झालं होतं. त्यांचा पहिला अहवाल १९८७ साली आला आणि त्यात आकडा निघाला एकोणीस टक्क्यांच्या पुढे! जंगल काही दोन-चार वर्षांत एवढं वाढत नाही. विरळ झाडीला जंगल म्हणायचं का, कुठवर म्हणायचं, यावर आकडा हलतो.

आज व्याख्या अशी आहे: एक हेक्टर किंवा जास्त जमीन आणि तिच्यावर दहा टक्के किंवा जास्त झाडांची सावली. मालकी कुणाचीही असो, झाड कोणतंही असो. म्हणजे आंब्याची बागही त्यात येते. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या आवारात माळावर तळं करून जी झाडी वाढवली, तीही व्याख्येत बसते. आणि आमच्याच तालुक्याच्या वरच्या टोकाचं भीमाशंकर, शेकरूंचं सदाहरित रान, तेही.

आणि माळ? तो कशातच बसत नाही.

नाना निवृत्त झाल्यावर एकदा ओसरीवर बसून बोलले होते. "आम्ही फोटोवर गवत दिसलं की 'रिकामं' लिहायचो. गुळगुळीत करडा डाग. त्यातून घनमीटर काय निघणार? मग पुढे कागद ज्याच्या हातात गेला, त्याला ती जागा रिकामीच वाटली. रिकामं तिथे होतं का काही? पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही."

तेव्हा चाकणला एमआयडीसी येत होती. त्याआधी पिंपरी-चिंचवडला आली होतीच. भोसरी काय, चाकण काय, बरेचसे कारखाने असल्याच 'रिकाम्या' माळांवर उभे आहेत. मी तक्रार करत नाही. तेहतीस वर्षं तिथेच इन्स्पेक्शनमध्ये नोकरी केली, घर त्यावरच चाललं. पण ते वाक्य टोचत राहिलं. इन्स्पेक्शनवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. गेज जे मोजायला बनवलंय तेच मोजतं. भोक बरोबर आहे एवढं ते सांगेल, पार्ट चुकीच्या धातूचा आहे हे नाही सांगणार.

तर दिवाळीनंतरच्या रविवारी पुतणीला घेऊन गावी गेलो. आधी टेकडी चढलो. फोटोतला गर्द हिरवा भाग म्हणजे लावलेली उंदीरमारी, गिरिपुष्प म्हणतात ती. रांगेत, दाट. आत शिरलो तर खाली गवत जवळजवळ नाहीच. पाखरांचा आवाजही फारसा नव्हता. आमच्या लहानपणीची सालई, काटेसावर, खैर कडेला तुरळक उरलेत. ती झाडं चैत्रात निष्पर्ण असतात. तेव्हाचा फोटो घेतला असता तर तिथे काही नाहीच असं वाटलं असतं.

मग माळावर उतरलो. कुसळी गुडघ्यापर्यंत, मोज्यांत घुसून नको जीव करणारी. चंडोल वर चढून गात होते, टिटवी ओरडत होती. पलीकडे धनगरांचा वाडा उतरला होता, कोकणाच्या वाटेवरचा मुक्काम. पुतणीने मेंढ्यांपाशी उभ्या असलेल्या आजीला विचारलं, "किती वर्षं येता?" आजी म्हणाली, "माझं लगीन झाल्यापासनं."

पुतणी गप्प झाली. परतीच्या वाटेवर म्हणाली, "काका, आता लेझरनेही मोजता येतं. लायडार. विमानातून लेझरचे झोत सोडले की काही पानांवरून परत येतात, काही फटींतून जमिनीवर जाऊन येतात. झाडी आणि खालची जमीन, दोन्ही वेगवेगळी कळतात." खरं आहे. जून २०२१ मध्ये आपल्या पुण्याचेच प्रकाश जावडेकर केंद्रात पर्यावरणमंत्री असताना दहा राज्यांच्या वनक्षेत्रांचे असे अहवाल प्रसिद्ध झाले, त्यांत महाराष्ट्रही होता. तिथे प्रश्न होता पाण्याचा, बंधारे कुठे घातले तर पाणी रानातच मुरेल. चांगला प्रश्न आहे. "पण त्यात ही आजी दिसेल का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मी यादीत तसं लिहिलं तरच."

यादीत नवीन नाव घालायला तिच्या वरिष्ठांची परवानगी लागते. तिने मागितली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तिने 'पडीक' काढून रकाना कोरा ठेवलाय आणि शेऱ्यात लिहिलंय: "गवताळ माळ. दिवाळीनंतर मेंढ्या उतरतात. चंडोल, टिटवी. प्रत्यक्ष पाहिलं."

स्टिरिओस्कोप तिला देऊन टाकला. एका भिंगाला बुरशी धरलीये, पण अजून दिसतं.

तुमच्या गावच्या माळाला सातबाऱ्यावर काय म्हणतात? आमच्याकडे पोटखराबा. जमलं तर बघून कळवा.