मशालीपासून तीन फेजपर्यंत : उत्सवाच्या आवाजामागची वीज

गणेशोत्सवाचा इतिहास लिहिताना मूर्ती, देखावे, मेळे, व्याख्याने यांची आठवण सगळे काढतात. मंडपाच्या मागून जाणाऱ्या केबलची आठवण कोणी काढत नाही. पण उत्सवाचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या कसा बदलला, हे समजून घ्यायचे तर त्या केबलच्याच मागे जावे लागते. आपल्या भेस्तानमधल्या मंडळांनी तर हा इतिहास जरूर वाचावा, कारण वीज हा आपल्या रोजच्या पोटापाण्याचा विषय आहे.

१८९३ पासून लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्याचा आग्रह धरला. त्या काळी पुण्यामुंबईच्या मंडपांत वीज नव्हती. मुंबईत वीज पुरवणारी आणि ट्राम चालवणारी ‘बेस्ट’ कंपनी १९०५ साली स्थापन झाली आणि विजेवरची ट्राम १९०७ साली धावली. तोवर उजेड मशालींचा आणि दिव्यांचा, आणि आवाज माणसाच्या गळ्याचा. मेळ्यातली मुले एका सुरात, एका तालात गात, ते दिसायला शोभिवंत होतेच, शिवाय त्यामुळे शब्द लांबवर पोचत. वक्त्याचा आवाज जिथवर जाई, तिथवर सभा. ढोल, ताशा आणि झांज यांना मात्र तेव्हाही कशाची गरज नव्हती आणि आजही नाही.

ही मर्यादा ओलांडली ती कर्ण्याने. १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात प्रिडहॅम आणि जेन्सन या दोघांनी विजेवर चालणारा लाऊडस्पीकर तयार केला. १९१९ साली सॅन डिएगो येथे अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी उघड्या मैदानावरच्या हजारो लोकांपुढे त्यावरून भाषण केले. आपल्याकडे गांधीजी आणि नेहरू यांच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे दिसतात. नाव परदेशी, पण कंपनी मुंबईची, मोटवाने कुटुंबाची. १९४० साली दिल्लीत ‘अहुजा’ कंपनी सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या मांडवात त्यांचे अँप्लिफायर पोचले.

कर्ण्याचा मोठा गुण म्हणजे तो विजेच्या बाबतीत फार काटकसरी. त्याच्या निमुळत्या आकारामुळे थोड्याशा विजेचा पुष्कळ आवाज होतो. काही डझन वॅटमध्ये अख्ख्या मैदानाला भाषण ऐकू जाते. ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर आल्यावर तर ट्रकची १२ व्होल्टची बॅटरी पुरेशी झाली. ज्या गावात विजेचा खांब नव्हता, तिथेही आरती कर्ण्यावरून ऐकू येऊ लागली. उणीव एकच होती. कर्ण्यातून शब्द स्पष्ट येई, पण ढोलकीचा घुमारा त्यात उतरत नसे.

१९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. त्याच वर्षी दोन्ही राज्यांची स्वतंत्र वीज मंडळे उभी राहिली आणि खांब गावागावांत पोचू लागले. इकडे सुरतेत यंत्रमाग वाढत गेले. ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगाव भागातली आपली माणसे उधना स्टेशनला उतरली आणि लिंबायत, पांडेसरा, भेस्तान, सचिन अशी पसरली. येताना त्यांनी गणपती आणला आणि खानदेशी वरातीतल्या बँडची आवडही आणली. बँडच्या गाडीवर कर्णे आणि सोबत धडधडणारा जनरेटर, हे दृश्य आपल्यातल्या कोणाला नवे नाही.

त्यानंतर ऑर्केस्ट्राचा जमाना आला. गिटार, ऑर्गन, ड्रम अशा प्रत्येक वाद्याला स्वतःचा प्लग लागू लागला. जगभर हेच चालले होते. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने १९७४ साली मैदानी कार्यक्रमांसाठी स्पीकरची भिंतच उभी केली. तिची ताकद पंचवीस हजार वॅटच्याही पुढे होती. इतकी वीज का लागते? याचे उत्तर आपल्या कानात आहे. आवाज दुप्पट मोठा वाटायला हवा असेल तर साधारण १० डेसिबलची वाढ लागते, आणि १० डेसिबल वाढवायला वीज दसपट लागते. शंभर वॅटचे हजार होतात, हजाराचे दहा हजार. त्यात खालच्या सुरांना, म्हणजे बेसला, सर्वांत जास्त. त्यामुळे बॅटरीवर भागणारी आरती हळूहळू तीन फेजच्या जोडणीवर येऊन थांबली.

तीन फेज हा शब्द भेस्तानमध्ये कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मागावर उभा राहिलेला माणूस फेज गेल्याचे मोटारीच्या आवाजावरून ओळखतो. पण या ठिकाणी मागाची सवय मांडवात फसवू शकते. मागाची तीन फेजची मोटार न्यूट्रलशिवाय चालते. अँप्लिफायर, मिक्सर, दिवे, पंखे हे सगळे मात्र एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बसलेले असतात. तात्पुरत्या जोडणीत न्यूट्रलचा एक स्क्रू सैल राहिला आणि तो सुटला, तर ज्या फेजवर भार कमी, त्या फेजवर २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट चढतात. लाखाचा मिक्सर एका क्षणात जातो. शिवाय एलईडी दिवे आणि आजचे अँप्लिफायर करंट तुकड्यातुकड्यांनी ओढतात. त्यातला काही भाग तिन्ही फेजकडून येऊन न्यूट्रलमध्ये साठत जातो. म्हणून मांडवात न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक कधीही नसावी.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस्ली हार्वे हा तरुण गिटारवादक भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला. गिटारच्या तारांवर एक हात आणि माइकवर दुसरा, एवढे पुरेसे झाले. स्पीकरमधून ‘घूं’ असा आवाज यायला लागला की प्लगमधली अर्थिंगची तार तोडून टाकायची, ही युक्ती अजूनही काही ठिकाणी चालते. आवाज बंद होतो, पण गायकाचे एकमेव संरक्षणही तिथेच संपते. आपला उत्सव भाद्रपदातला. जमीन ओली, पाट ओले, मुले अनवाणी. अशा वेळी ३० मिलीअँपियरला तुटणारा ईएलसीबी आणि जमिनीत नीट गाडलेली अर्थिंगची सळई हवीच.

आता थोडा हिशेब. समजा अँप्लिफायरवर एकूण ८,००० वॅट लिहिले आहे. संगीत सतत पूर्ण जोरात नसते, सरासरी त्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपास असते. तरी ठोक्याला झेप घ्यायला वाव हवा, म्हणून आवाजासाठी ४ किलोवॅट धरू. दिवे आणि रोषणाई ६, पंखे वगैरे १. एकूण ११ किलोवॅट. आवाज पूर्ण एका फेजवर ठेवला आणि दिवे-पंखे उरलेल्या दोन फेजवर साडेतीन-साडेतीन वाटले, तर प्रत्येक फेजवर १५ ते १८ अँपियर येतात. २५ केव्हीएच्या जनरेटरमधून सुमारे २० किलोवॅट मिळतात, म्हणजे तो निवांत चालतो. केबलचेही तसेच. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ५० मीटरवर २० अँपियर नेले, तर वाटेतच जवळपास १५ व्होल्ट जातात. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर सहाच जातात. खांबावर आकडा टाकून यातले काहीच साधत नाही.

या इतिहासाचे पुढचे पान कायद्याने लिहिले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचे लाऊडस्पीकर बंद केले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा उचलून धरली. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाजाची कमाल मर्यादा ७५ डेसिबल आहे. एवढ्या आवाजाला हजारो वॅटची भिंत लागत नाही. नीट जागी टांगलेले दोन-चार चांगले स्पीकर पुरतात, आणि विजेचा भारही उतरतो.

म्हणून आमची सर्व मंडळांना एक विनंती आहे. वर्गणीच्या पहिल्या बैठकीत मूर्तीची उंची ठरते, तशी त्याच दिवशी विजेची यादी व्हावी. किती किलोवॅट, कोणत्या फेजवर काय, न्यूट्रल कोण तपासणार, अर्थिंग कुठे, पाऊस आला तर मेन स्विच कोणाच्या हाती. आपल्या मंडळात मागावर आणि कारखान्यात विजेचे काम करणारे कितीतरी हात आहेत. परवानाधारक वायरमनच्या सोबत त्यांनी एक संध्याकाळ दिली, तर दहाही दिवस आरती निर्धास्त होईल.

मशालीच्या उजेडात गाणाऱ्या त्या मुलांचा आवाज लोकांपर्यंत पोचला, कारण कोणीतरी त्यांना आधी एका सुरात बसवले होते. आज ते बसवण्याचे काम केबलच्या टोकाला उभ्या असलेल्या कार्यकर्त्याचे आहे. गणपती बाप्पा मोरया!