औषधनिर्मितीतील प्रक्रिया-विकास

औषधनिर्मितीतील प्रक्रिया-विकास : प्रयोगशाळेत काही ग्रॅम तयार झालेले औषधद्रव्य कारखान्यात शेकडो किलोग्रॅमच्या प्रमाणात, दरवेळी त्याच शुद्धतेचे, सुरक्षितपणे आणि परवडणाऱ्या खर्चात बनवता यावे म्हणून रासायनिक मार्ग, विद्रावक, तापमान, यंत्रे व नियंत्रणे ठरवण्याचे आणि पुढे त्यांत सुधारणा करत राहण्याचे शास्त्र. मूळ औषधद्रव्य (एपीआय) तयार करण्याची प्रक्रिया आणि त्यापासून गोळी, कॅप्सूल किंवा इंजेक्शन बनवण्याची प्रक्रिया, अशा दोन्हींचा त्यात समावेश होतो. गोळ्यांच्या एका बॅचमध्ये लाखो गोळ्या असतात. तपासणीसाठी त्यांतल्या मोजक्याच घेतल्या जातात. त्यामुळे उरलेल्या गोळ्यांची हमी अखेर प्रक्रियेलाच द्यावी लागते. या शास्त्राची गरज येथून सुरू होते.

इतिहास : पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लावला, पण ते मुबलक मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात. मधल्या काळातील अडचण मुख्यतः प्रक्रियेची होती. ऑक्सफर्डमधील संशोधक बुरशी उथळ भांड्यांत, द्रवाच्या पृष्ठभागावर वाढवत. एका रुग्णापुरते औषध जमवतानाही त्यांची दमछाक होई. १९४१ मध्ये त्यांच्यापैकी हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली अमेरिकेला गेले. तेथे पिओरिया येथील कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे दाट पाणी वाढमाध्यमात वापरून पाहिले गेले आणि उतारा कित्येक पटींनी वाढला. पिओरियातच एका खरबुजावर सापडलेला बुरशीचा वाण अधिक उत्पादनक्षम निघाला. याच काळात पृष्ठभागावरील वाढीऐवजी हवा खेळवलेल्या खोल टाक्यांत किण्वन करण्याचे तंत्र विकसित झाले. फायझर कंपनीचा अशा टाक्यांचा कारखाना मार्च १९४४ मध्ये ब्रुकलिन येथे सुरू झाला. औषध तेच होते. माध्यम, वाण आणि यंत्र या तिन्हींत बदल झाल्यावर ते सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आले.

टप्पे : सुरुवात मार्गनिवडीने होते. एकाच रेणूकडे जाणारे अनेक रासायनिक मार्ग असतात. पायऱ्या किती, कच्चा माल कितपत सहज मिळतो, धोकादायक रसायने कोणती, मध्यस्थ पदार्थ स्थिर राहतात का, हे पाहून एक मार्ग पक्का केला जातो. त्यानंतर प्रयोगशाळेत तापमान, वेळ, प्रमाण व विद्रावक यांचे इष्टतमीकरण होते. पुढे किलो लॅब, पायलट प्लँट आणि शेवटी व्यापारी उत्पादन अशा चढत्या क्रमाने प्रक्रिया मोठी केली जाते.

इष्टतमीकरणात एका वेळी एकच घटक बदलून पाहण्याची जुनी पद्धत अपुरी पडते, कारण घटक एकमेकांवर परिणाम करतात. कमी तापमानाला योग्य ठरलेले आम्लाचे प्रमाण जास्त तापमानाला अशुद्धी वाढवू शकते. म्हणून अनेक घटक एकाच वेळी ठरावीक रचनेने बदलणारे संख्याशास्त्रीय प्रयोग-अभिकल्प वापरले जातात. या शाखेचा पाया रोनाल्ड फिशर यांनी घातला. तीत वापरली जाणारी ऑर्थोगोनल ॲरे ही रचना भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात मांडली.

प्रमाणवाढ : प्रयोगशाळेतील कृती केवळ आकडे गुणून कारखान्यात चालत नाही. एक लिटरच्या भांड्याऐवजी त्याच आकाराचा हजार लिटरचा रिअॅक्टर घेतला, तर आतील द्रव हजारपट होतो. उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र शंभरपटच वाढतो. म्हणजे दर लिटरमागे थंड होण्याची सोय एक-दशांशावर येते. काचेच्या चंबूत बर्फाच्या पाण्याने सहज आवरली जाणारी उष्णतादायी विक्रिया रिअॅक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते. यासाठी कॅलरीमापकाने विक्रियेची उष्णता आधीच मोजतात आणि विक्रियाक एकदम न टाकता थंड करण्याच्या क्षमतेला झेपेल अशा वेगाने सोडतात.

यातून वेळेचा प्रश्न उभा राहतो. प्रयोगशाळेत दहा मिनिटांत संपणारी भर कारखान्यात काही तास चालते. गाळण, सेंट्रिफ्यूज, धुणी व वाळवण यांत आणखी वेळ जातो. तेवढ्या वेळात मध्यस्थ पदार्थ नुसता पडून राहिला तर विघटतो का, हे आधी तपासलेले नसेल तर पहिल्याच मोठ्या बॅचमध्ये अनपेक्षित अशुद्धी दिसते. ढवळणीचेही तसेच आहे. मोठ्या रिअॅक्टरमध्ये नव्याने पडलेला विक्रियाक सगळीकडे पसरायला वेळ लागतो. तो पडतो त्या जागी त्याचे प्रमाण क्षणभर जास्त राहते आणि दुय्यम विक्रियांना वाव मिळतो.

गोळ्यांच्या उत्पादनातही प्रमाणवाढीचे असेच पेच असतात. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून मिश्रणात मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात. हे वंगण पाण्याला दूर ठेवणारे आहे. ते मिसळून झाल्यावर ब्लेंडर जास्त वेळ फिरवला तर त्याचा थर कणांवर पसरत जातो, गोळी ठिसूळ होते आणि पोटात विरघळायला उशीर लागतो. त्यामुळे ब्लेंडरचा आकार बदलला की फेऱ्यांची संख्या नव्याने ठरवावी लागते.

स्फटिकीकरण : शुद्धीकरणाची ही सर्वांत महत्त्वाची पायरी होय. स्फटिकांचा आकार बारीक राहिला तर गाळण तासन्‌तास रेंगाळते आणि अशुद्धी धरून ठेवणारे मदर लिकर (स्फटिक वेगळे झाल्यावर उरलेले द्रावण) नीट धुऊन निघत नाही. एकच रेणू वेगवेगळ्या स्फटिकरूपांतही येऊ शकतो व त्या रूपांची विद्राव्यता वेगळी असते. ॲबट कंपनीचे एचआयव्हीवरील रिटोनाव्हिर १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये तोपर्यंत न दिसलेले, कमी विद्राव्य स्फटिकरूप तयार होऊ लागले. कॅप्सूल बाजारातून काढून घेऊन औषधाची नवी घडण करावी लागली. तेव्हापासून स्फटिकरूपांचा कसून शोध घेणे हा प्रक्रिया-विकासाचा प्रारंभीचाच भाग झाला आहे.

कचरा आणि हरित सुधारणा : एक किलोग्रॅम उत्पादनामागे किती किलोग्रॅम कचरा निघतो, या गुणोत्तराला ई-घटक म्हणतात. रॉजर शेल्डन यांनी रूढ केलेल्या या मोजमापानुसार औषध उद्योगात हा आकडा २५ ते १०० किंवा त्याहूनही जास्त असतो. त्यात मोठा वाटा विद्रावकांचा असतो. म्हणून विद्रावकांची संख्या कमी करणे आणि ऊर्ध्वपातनाने ते परत मिळवणे या सुधारणा प्रथम हाती घेतल्या जातात.

मार्गच बदलला तर फरक अधिक मोठा पडतो. आयब्युप्रोफेन बनवण्याच्या बूट्स कंपनीच्या मूळ मार्गात सहा पायऱ्या होत्या आणि वापरलेल्या अणूंपैकी वजनाने सुमारे ४० टक्केच औषधात उतरत. त्यात लागणाऱ्या ॲल्युमिनियम क्लोराइडचा शेवटी कचराच होई. बीएचसी कंपनीने तीन पायऱ्यांचा उत्प्रेरकी मार्ग काढला व १९९२ मध्ये टेक्सासमधील बिशप येथे त्यावर कारखाना सुरू झाला. येथे अणूंचा वापर सुमारे ७७ टक्के होतो. सोबत निघणारे ॲसिटिक आम्ल परत मिळवून वापरले तर तो ९९ टक्क्यांपर्यंत जातो. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनसाठी मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी उच्च दाबाच्या हायड्रोजनाची व रोडियम उत्प्रेरकाची पायरी काढून टाकली आणि तिच्या जागी मुद्दाम घडवलेले विकर (एंझाइम) वापरले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात एकूण उतारा १० ते १३ टक्क्यांनी वाढला आणि कचरा १९ टक्क्यांनी घटला.

सुधारणेतील धोका : प्रक्रियेतील बदल उताऱ्याच्या दृष्टीने यशस्वी आणि रुग्णाच्या दृष्टीने घातक असू शकतो. रक्तदाबावरील व्हॅल्सार्टनच्या रेणूत टेट्राझोल हे वलय असते व ते अझाइड वापरून तयार करतात. चीनमधील झेजियांग ह्वाहाय या कंपनीने २०१२ च्या सुमारास या पायरीतील विक्रियाक व विद्रावक बदलले. नव्या पद्धतीत डायमिथिल फॉर्मामाइड हा विद्रावक आला. विक्रियेनंतर उरलेले विषारी अझाइड नष्ट करण्यासाठी त्यात सोडियम नायट्राइट व आम्ल घातले जाई. डायमिथिल फॉर्मामाइडचे थोडे विघटन होऊन डायमिथिल अमाइन बनते. त्याची नायट्रस आम्लाशी गाठ पडली की एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक द्रव्य तयार होते. नेहमीच्या चाचण्या ज्या अशुद्धींसाठी आखल्या होत्या, त्यांत ते नव्हतेच. जुलै २०१८ मध्ये हा प्रकार उघड झाला आणि अनेक देशांत व्हॅल्सार्टनच्या गोळ्या परत मागवण्यात आल्या. पुढे एनडीएमएसाठी दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरली आणि इतर औषधांच्या उत्पादकांनाही आपापल्या प्रक्रियांत नायट्रोसामाइने तयार होण्याची शक्यता तपासावी लागली. यातील एकही विक्रिया रसायनशास्त्राला नवी नव्हती. प्रत्येक विक्रियाकाचे व विद्रावकाचे पुढे काय होते, याचा माग कागदावर तरी काढला असता तर धोका आधीच दिसला असता.

नियमन : आंतरराष्ट्रीय सुसंवाद परिषदेच्या (आयसीएच) क्यू-८ या २००५ च्या मार्गदर्शिकेने गुणवत्ता तपासणीने आणण्याऐवजी अभिकल्पातच बांधण्याचा विचार रूढ केला. औषधाच्या गुणवत्तेवर परिणाम करणारे घटक ओळखायचे, ते कोणत्या मर्यादांत बदलले तरी उत्पादन बिघडत नाही हे प्रयोगांनी दाखवायचे आणि त्या मर्यादांत उत्पादकाला मोकळीक द्यायची, असे तिचे सूत्र आहे. मूळ औषधद्रव्यांसाठी तेच तत्त्व २०१२ च्या क्यू-११ मध्ये आले. पूर्वी सलग तीन बॅच चांगल्या निघाल्या की प्रक्रिया सिद्ध झाली असे मानण्याचा प्रघात होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये प्रक्रिया-सिद्धतेचे अभिकल्प, पात्रता-चाचणी आणि सततची पडताळणी असे तीन टप्पे सांगितले. म्हणजे उत्पादन चालू असेपर्यंत पडताळणी संपत नाही. बॅचऐवजी अखंड प्रवाहाने उत्पादन करण्याच्या पद्धतीसाठी २०२२ मध्ये क्यू-१३ ही मार्गदर्शिका आली.

भारत आणि महाराष्ट्र : पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीने देशात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू केले. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळे. वेगळी प्रक्रिया शोधणाऱ्याला तेच औषध कायदेशीरपणे बनवता येऊ लागले आणि प्रक्रिया-विकास हा भारतीय औषध उद्योगाचा कणा बनला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था येथील संशोधकांनी व अभियंत्यांनी ही क्षमता घडवली. पुण्याच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केलेले ए. व्ही. रामा राव हैदराबादला गेले. तेथे विकसित झालेली एचआयव्हीवरील झिडोव्ह्युडिनची प्रक्रिया सिप्लाने वापरली. याच कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार दर रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला.

१ जानेवारी २००५ पासून भारतात रेणूवरही पेटंट मिळू लागले. तरी तारापूर, महाड, कुरकुंभ येथील औषधद्रव्यांच्या आणि गोव्यातील वेर्णा येथील गोळ्या-कॅप्सूलच्या कारखान्यांत प्रक्रिया-विकासाचे काम थांबले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित अनुसूची एम नुसार गुणवत्ता-जोखीम व्यवस्थापन, उत्पादनाच्या गुणवत्तेचा नियमित आढावा आणि प्रक्रियेची सिद्धता या बाबी भारतातील औषध उत्पादकांवर बंधनकारक आहेत.