फवारलेल्या काँक्रीटची कुळकथा

शहराच्या पोटात, वरची वस्ती न उठवता, आगगाडीच्या स्थानकाएवढे गव्हर कोरण्याची जी विद्या आज देशोदेशी रूढ झाली आहे, तिचे एक मूळ शिकागोच्या पदार्थसंग्रहालयात सापडते. मृत जनावरांची कातडी मढवून त्यांना सजीवाचे रूप देणारे कार्ल एकली हे तेथील कुशल कारागीर. १९०७च्या सुमारास इमारतीचा दर्शनी गिलावा झडू लागला, तेव्हा कोरडे मिश्रण दाबलेल्या हवेने नळीतून लोटायचे व तोटीच्या मुखाशी पाणी मिळवून भिंतीवर वेगाने मारायचे, असे यंत्र त्यांनी सिद्ध केले आणि १९११ साली त्याचे पेटंट मिळवले. साच्यावाचून बसणारे आणि छतालाही चिकटून राहणारे हे सिमेंट पुढे खाणींत व बोगद्यांत शिरले.

तोवर शहरी भुयारी रेल्वेचा सोपा मार्ग म्हणजे, लंडनने १८६३ साली खुल्या केलेल्या पहिल्या मार्गासाठी केले त्याप्रमाणे, सबंध रस्ता उघडा खणून त्यावर पुन्हा छत घालणे. खोल बोगद्यांत लाकडाचे धिरे देत. पण धिरे व खडक यांच्यामध्ये पोकळी राही, त्या पोकळीत खडक सैल होई आणि सैल झालेल्या खडकाचे ओझे पुन्हा त्याच धिऱ्यांवर येई. ऑस्ट्रियाचे अभियंते राब्सेविच यांनी हा क्रम उलटा केला. खोदताक्षणी काँक्रीटचा पातळ, किंचित लवणारा थर फवारावा, खडकात पोलादी खिळे ठोकावेत, आणि भोवतालच्या भूमीलाच आपला भार कमानीसारखा पेलू द्यावा, हा त्यांचा विचार. या पद्धतीला ‘नवी ऑस्ट्रियन’ हे नाव १९६२ साली मिळाले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस फ्रँकफर्टच्या भुयारी रेल्वेत ती शहराखालच्या मऊ भूमीतही उतरली.

या पद्धतीचा प्राण, माझ्या मते, काँक्रीटात नसून मोजमापात आहे. छत किती उतरले, भिंती किती जवळ आल्या, याची नोंद नित्य घ्यावयाची आणि तिच्या हुकमानेच पुढचा घास तोडावयाचा. लंडनच्या हीथ्रो विमानतळाखाली २१ ऑक्टोबर १९९४ रोजी अशीच भुयारे कोसळली. तळाचे काम निकृष्ट झाले होते, मोजमापांनी इशारे दिले होते, पण त्यांची वेळीच दखल घेतली गेली नाही. प्राणहानी झाली नाही, हे केवळ दैव.

मुंबईच्या आरे ते कफ परेड या ३३.५ किलोमीटरच्या मार्गावर गिरगाव व काळबादेवी येथे हीच पद्धत योजावी लागली. कारण तेथे अरुंद रस्ते आणि जुन्या, दाटीने उभ्या असलेल्या चाळी यांमुळे सबंध स्थानक वरून उघडे खणणे शक्यच नव्हते. भिंतींवर मोजणीच्या खुणा लावून, खाली टप्प्याटप्प्याने खडक काढीत व लगोलग काँक्रीट फवारीत ही गव्हरे तयार झाली, आणि २०२५च्या ऑक्टोबरात या स्थानकांतून गाड्या धावू लागल्या.