साष्टीच्या दगडखाणी

मुंबईची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या खडकाचे आहे. कुर्ल्याचा काळा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट हे इथले नावाजलेले दगड. १८५३ साली ठाण्याची आगगाडी कुर्ल्यावरून धावू लागली आणि १८६४ साली अंधेरी-बोरिवलीकडून येणारा लोहमार्ग मुंबईला पोहोचला. त्यामुळे जड दगड शहरात नेणे सोपे झाले.

१८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर मात्र कुर्ल्याच्याच फिकट पिवळ्या दगडाचा आहे. १९१३ च्या जनरल पोस्ट ऑफिसात कुर्ल्याच्या काळ्या दगडाला मालाडच्या पिवळ्या दगडाची जोड आहे. १९२४ साली खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाचा दगड मालाडजवळच्या खारोडीचा. बॅक बेच्या समुद्रातील भरणीसाठी त्याच दशकात कांदिवलीच्या खाणीतून दगड गेला.

खाणीत छिन्नी-घणाने भोक पाडून सुरुंगाची दारू ठासत. सुटलेले धोंडे घणाने फोडले जात. चांगल्या दगडाचे चिरे पाथरवट घडवीत आणि उरलेल्याची खडी होई. दगड फोडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांत वडार समाज प्रमुख होता. पुरुषांच्या बरोबरीने बायकाही खडी फोडीत.

या खोदकामात टेकड्या खचल्या. अंधेरीची गिल्बर्ट हिल उरली, तीही चहूबाजूंनी कोरलेली. बेसॉल्टच्या उभ्या स्तंभांचा हा सुमारे ६१ मीटर उंचीचा कडा. माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामातेचे मंदिर आहे. १९५२ साली या कड्याला संरक्षण मिळाले आणि २००७ साली महापालिकेने त्याचा वारसा-यादीत समावेश केला. पवई, चांदिवली, कांदिवली इथल्या खाणींच्या जागी मात्र आता वसाहती आहेत.

खाणकामगारांची घरे इतरत्र जपली गेली आहेत. दक्षिण आफ्रिकेतील पिलग्रिम्स रेस्ट या गावात १८७३ साली सोने सापडले. तिथली खाणकामगारांची लाकूड आणि नालीदार पत्र्याची घरे १९७४ साली सरकारने गावासकट विकत घेतली. त्यांतील काही दुरुस्त होऊन आज पर्यटकांच्या मुक्कामाला मिळतात. साष्टीतील खाणकामगार मात्र खाणीलगत पालात किंवा झोपडीत राहत आणि काम संपले की बिऱ्हाड हलवीत. त्यामुळे जतन करण्याजोगे त्यांचे घर मागे राहिले नाही; त्यांनी फोडलेला दगड शहरातल्या वारसा-इमारतींच्या भिंतींत आहे.