जुन्या मोटारसायकलचे सीट कव्हर : शोध, पारख आणि बसवणी

मोटारसायकलचे ऑइल वेळच्या वेळी बदलले, तर इंजिन वीस-पंचवीस वर्षे विनातक्रार साथ देते. टाकीचा रंगही जपला तर टिकतो. ऊन, पाऊस आणि रोजची चढउतार यांचा मार सर्वांत आधी बसतो तो सीटच्या कव्हरला. एखाद्या उन्हाळ्यात शिवणीलगत बारीकशी चीर दिसते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुढच्या पावसाळ्यात कार्यालयात पोहोचेपर्यंत कपडे ओले होऊ लागले, की मग दुकानांचे उंबरठे झिजवणे सुरू होते.

गाडी चालू मॉडेलची असेल, तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. मॉडेल बंद होऊन पंधरा-वीस वर्षे लोटली असतील, तर दुकानदार बहुधा कव्हराऐवजी तयार सीटच पुढे करतो. नवी सीट गाडीवर चढते, जुनी दुकानातच राहते आणि यथावकाश भंगारात जाते. खरे नुकसान होते ते येथे. कव्हर केव्हाही नव्याने शिवता येते. पण त्या गाडीसाठी बनलेला सीटचा मूळ तळ, त्यावरच्या बिजागऱ्या आणि कुलपाची खाच पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून नव्या कव्हराचा शोध घेताना जुनी सीट आणि फाटलेले कव्हर या दोन्ही गोष्टी हातच्या जाऊ न देणे, हा पहिला नियम होय.

आधी गाडीची नेमकी ओळख

दुकानात केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. येझदीचेच उदाहरण घ्या. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’च्या कारखान्यात १९६१ पासून जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्यांवर येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे पूर्णपणे नव्या बांधणीच्या मोटारसायकलींवर परतली. त्यामुळे आज ‘येझदीचे कव्हर द्या’ असे म्हटले, तर दुकानदार नव्या गाडीचे कव्हर काढून देण्याचा संभव असतो. जुन्या गाडीच्या सीटवर ते बसत नाही.

यामाहाची आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळातील गाडी. तिच्या पाठोपाठ त्याच घराण्यातील आरएक्सजी आणि आरएक्स १३५ आल्या. हीरो होंडाची सीडी १०० देखील १९८५ मधली, तर स्प्लेंडर १९९४ मधली. हीरो आणि होंडा यांनी भागीदारी संपवण्याची घोषणा डिसेंबर २०१० मध्ये केली आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव हीरो मोटोकॉर्प झाले. स्प्लेंडर हे नाव मात्र पुढे अनेक आवृत्त्यांवर चालूच राहिले. बुलेटच्या बाबतीत तर चालकासाठी स्प्रिंगवरची वेगळी गादी आणि दोघांसाठी एकसंध लांब सीट असे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. नाव एकच असले, तरी सीटही एकच असेल असे गृहीत धरू नये.

आरसी पुस्तकावरील उत्पादनाचा महिना व वर्ष टिपून घ्यावे. पण त्यावरही पूर्ण विसंबू नये. गाडी दोन-तीन हातांतून आली असेल, तर आधीच्या एखाद्या मालकाने सीटच बदललेली असू शकते. अखेरचा भरवसा मोजपट्टीचा. सीटच्या मधोमध वरून लांबी, पुढची, मधली आणि मागची रुंदी, बाजूच्या कडेची उंची, पट्ट्याच्या बोल्टची जागा आणि कडेने बीडिंग असल्यास तिची रेषा एवढी मापे कागदावर लिहून घ्यावीत. वरून, बाजूने आणि खालून अशी सीटची तीन छायाचित्रेही काढून ठेवावीत.

कव्हर मिळण्याच्या तीन वाटा

पहिली वाट कंपनीच्या सुट्या भागांची. प्रत्येक मॉडेलच्या भागांच्या पुस्तिकेत सीटचा क्रमांक असतो. काही गाड्यांमध्ये कव्हराला स्वतंत्र क्रमांक असतो, तर काहींमध्ये संपूर्ण सीट हाच एक भाग मानलेला असतो. अधिकृत विक्रेत्याकडे नावाऐवजी हा क्रमांक घेऊन गेल्यास उत्तर लवकर मिळते. मॉडेल फार जुने असेल, तर मात्र ते नकारार्थी असण्याचीच शक्यता अधिक.

दुसरी वाट बाजारातील तयार कव्हराची. आरएक्स १००, स्प्लेंडर, बुलेट यांसारख्या रस्त्यावर अजूनही मोठ्या संख्येने असलेल्या गाड्यांची कव्हरे अनेक लहान उत्पादक बनवतात. ती स्वस्त असतात आणि तत्काळ मिळतात. पण कापणी ढोबळ असल्याने कोपऱ्यांवर सैल आणि मध्ये ताणलेली बसतात. त्यांवर कंपनीचे नाव छापलेले असले, तरी तेवढ्याने माल कंपनीचा ठरत नाही. बंद पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का, हे पाहावे आणि पावती घ्यावी.

तिसरी वाट कारागिराकडून शिवून घेण्याची. राजदूत, जुनी जावा किंवा फारशी न खपलेली एखादी गाडी असेल, तर ही वाट सर्वांत खात्रीची. कुशल कारागीर जुने कव्हर शिवणीवर उसवतो, त्याचे तुकडे रेक्झिनवर पसरतो, चारही बाजूंनी शिवणीची माया धरून खुणा करतो आणि कापतो. फाटक्या कव्हराचे खरे मोल येथे कळते. कव्हर नसेल, तर कारागिराला उघड्या फोमवरून अंदाजाने कापावे लागते आणि मूळ घाट हरवतो.

शोध कुठे घ्यावा

पुण्यात नाना पेठ ही दुचाकींच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ. मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड येथे वाहनांच्या भागांची दुकाने दाटीने आहेत. दिल्लीतील करोलबाग हा दुचाकींच्या भागांचा मोठा बाजार असून, तेथून माल मागवणारे व्यापारी राज्यातही आहेत. इतर शहरांत गॅरेजांच्या ओळीत एखादे सीटवाल्याचे किंवा कुशनवाल्याचे दुकान असतेच. त्याचा पत्ता विचारावा तो वर्षानुवर्षे त्याच बनावटीच्या गाड्या हाताळणाऱ्या मेकॅनिकला. काम देण्यापूर्वी त्या दुकानात तयार होऊन ठेवलेली एखादी सीट उलटी करून पाहावी. वरची बाजू सगळेच नीटनेटकी करतात; कारागिराचा हात खालची बाजू पाहिल्यावर समजतो.

रेक्झिनची पारख

रेक्झिन हे मुळात एका इंग्रजी कंपनीच्या मालाचे नाव; आपल्याकडे ते कृत्रिम चामड्याचे सामान्यनाम झाले. आजचे रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मूळचे कडक असते. त्यात मिसळलेल्या मऊपणा देणाऱ्या द्रव्यांमुळे ते लवचिक बनते. उन्हात ही द्रव्ये हळूहळू निघून जातात. कव्हर आधी ताठरते आणि मग तडकते. उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि वाहनतळाच्या छताखालची गाडी यांच्या सीटच्या आयुष्यात मोठा फरक पडतो, तो यामुळे.

निवड करताना रेक्झिनचा तुकडा घडी घालून दाबावा. घडीवर पांढुरकी रेघ उमटली, तर तो माल टाळावा. मागील कापड विणलेले, घट्ट आणि थोडे ताण घेणारे असावे. पृष्ठभाग दाणेदार असणे हिताचे. गुळगुळीत, चकचकीत रेक्झिन दिसायला आकर्षक असले, तरी ब्रेक दाबताच मागचा स्वार पुढे घसरतो. खरे चामडे मोलाचे. पण आपल्या पावसाळ्यात रोजच्या वापरातील गाडीला ते मानवत नाही. शिलाई नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने करून घ्यावी. सुती दोरा पाण्याने कुजतो. बसण्याच्या जागेवर शिवणी जितक्या कमी, तितके चांगले, कारण सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी शिरू शकते.

कव्हरखाली काय दडले आहे

कव्हर निघाले, की खरी परिस्थिती समोर येते. सीटमधील फोम पाणी शोषून घेतो आणि दिवसेंदिवस ओला राहतो. त्याखाली पत्र्याचा तळ असेल, तर तो आतून गंजतो. बाहेरून केवळ एक चीर दिसत असताना आत पत्र्याला भोके पडलेली असू शकतात. अशा पत्र्यावर नवे कव्हर चढवले, तर ते फार दिवस टिकत नाही. कव्हर ज्या दात्यांत किंवा क्लिपांत अडकते, तेच गंजून तुटतात. पुढे सीट फ्रेमवर नीट बसेनाशी होते.

गंज वरवरचा असेल, तर तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन रंग लावता येतो. भोके असतील, तर फोम आणि कव्हर पूर्णपणे दूर करूनच पत्र्याचा तुकडा जोडून घ्यावा. फोम आगीला लगेच बळी पडतो. फोम केवळ ओला असेल, तर तो दाबून पाणी काढावे आणि सावलीत काही दिवस वाळवावा. मध्ये दबला असेल, तर तेवढाच भाग कापून त्या जागी घट्ट फोमचा तुकडा चिकटवता येतो. सरसकट नवा, जाड फोम भरण्याचा आग्रह टाळावा. सीट एक-दोन इंचांनी उंच झाली, तर कमी उंचीच्या चालकाचे पाय सिग्नलला नीट टेकत नाहीत. काही जुन्या सीटमध्ये स्प्रिंगा किंवा रबरयुक्त काथ्याचा थर असतो. तो शाबूत असल्यास तसाच ठेवावा.

पट्टा शोभेचा नव्हे

जुन्या सीटवर मधोमध आडवा पट्टा असे. तयार कव्हर बसवताना तो अनेकदा गाळला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे स्वार बसवण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला बाजूला किंवा चालकाच्या आसनामागे धरण्यासाठी कायमस्वरूपी मूठ आवश्यक आहे. ज्या गाडीला लोखंडी दांडी नाही, तिच्या मागच्या स्वाराला हाच पट्टा आधार असतो. तो शिवणीत न अडकवता मूळ बोल्टमध्येच कसलेला असावा. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी गाडीची तपासणी होते, हेही ध्यानात ठेवावे.

बसवणी आणि निगा

नवे कव्हर बसवण्यापूर्वी अर्धा तास उन्हात ठेवल्यास रेक्झिन मऊ होते आणि सुरकुत्या न पडता ताणले जाते. फोमवर आधी पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. कव्हर प्रथम पुढे आणि मागे मध्यभागी अडकवावे, नंतर दोन्ही बाजू समान ताणत न्याव्यात आणि कोपरे शेवटी घ्यावेत. तळ प्लॅस्टिकचा असेल, तर स्टेपलरच्या पिना गंजरोधक आणि तळाच्या जाडीला बेताच्या असाव्यात. तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे झाकली जाणार नाहीत, हे पाहावे.

त्यानंतरची निगा सोपी आहे. ओल्या फडक्याने पुसावे. पेट्रोल किंवा थिनर लावू नये. इलॅस्टिकचे वरचे कव्हर उन्हात उपयोगी, पण पावसाळ्यात त्याखाली पाणी साचते, म्हणून काढून ठेवावे. शिवणी उसवू लागताच टाके घालून घ्यावेत.

दुकानात जाण्यापूर्वी

- सीट गाडीवरून काढून सोबत न्यावी. केवळ नाव सांगून कव्हर आणू नये.
- आरसीवरील उत्पादनाचे वर्ष, मापे आणि छायाचित्रे जवळ ठेवावीत.
- रेक्झिन, फोम, पत्र्याचे काम आणि मजुरी यांचा दर वेगवेगळा विचारावा.
- जुने कव्हर, पट्टा, बोल्ट आणि बीडिंग परत मागून घ्यावे.
- सीट गाडीवर चढवून, कुलूप लागते का आणि पाय टेकतात का हे पाहूनच पैसे द्यावेत.

हे काम मे महिन्यातच उरकावे. पाऊस सुरू झाला, की सीटवाल्यांकडे रांग लागते आणि ओला फोम वाळवायला ऊनही मिळत नाही. उसवलेले जुने कव्हर मात्र घरी जपून ठेवावे; आणखी काही वर्षांनी कव्हर पुन्हा बदलायची वेळ येईल, तेव्हा मापासाठी तेच उपयोगी पडेल.