औंढ्याचे देऊळ आणि नामदेवांचे एक पद

संतांचा इतिहास लिहिताना अभ्यासकापुढे एक अडचण नेहमीच उभी राहते. चरित्राची साधने उत्तरकालीन असतात, आणि काव्य समकालीन मानावे तर तेही अनेक पिढ्यांच्या मुखातून आलेले असते. अशा वेळी संपूर्ण गाथेविषयी सरसकट विधान करण्यापेक्षा एखादेच पद घेऊन त्याचा प्रवास तपासणे अधिक फलदायी ठरते. गुरु ग्रंथसाहिबातील मलार रागात आलेले नामदेवांचे देऊळ फिरल्याचे पद या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

नामदेवांचा काळ परंपरेने इ. स. १२७० ते १३५० असा धरला जातो. त्यांचे मूळ गाव नरसी-बामणी. हे गाव कोणते, याविषयी पूर्वी मतभेद होता, रा. गो. भांडारकरांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ते कऱ्हाडजवळचे मानले होते. पुढे कयाधू नदीच्या काठची नरसी हेच ते गाव होय, हे मत सामान्यतः मान्य झाले. ही नरसी पूर्वी परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून ती त्या जिल्ह्यात मोडते. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या कथेचे स्थान असलेले औंढा नागनाथ हेही याच जिल्ह्यात आहे. यादवकालीन शिल्पांनी नटलेला त्या मंदिराचा खालचा भाग आजही उभा आहे. वरचे बांधकाम नंतरचे आहे.

कथा सर्वश्रुत आहे. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत असता ब्राह्मणांनी त्यांना शूद्र म्हणून तेथून उठविले. ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. औंढ्यास मंदिराच्या मागील बाजूचा नंदी स्थानिक परंपरेत या घटनेची खूण म्हणून दाखविला जातो. महीपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही घटना औंढ्याचीच म्हणून आली आहे.

परंतु या कथेचा याहून जुना, आणि कालदृष्ट्या निश्चित असा, लेखी आधार महाराष्ट्राबाहेर आहे. गुरु अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे १८ रागांत विभागलेली आहेत. त्यांपैकी भैरव आणि मलार या रागांतील दोन पदांत ही घटना येते; ती रूढ पृष्ठांकनाप्रमाणे अनुक्रमे ११६४ व १२९२ या पृष्ठांवर आहेत. पंजाबात भाई गुरदासांच्या वारांत आणि हिंदी भक्तिपरंपरेत नाभादासांच्या ‘भक्तमाला’तही तिचा उल्लेख आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या प्रारंभी ही कथा उत्तर भारतात सर्वत्र परिचित झाली होती.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दोन्ही पदांत देवळाचे गाव सांगितलेले नाही. शिवाय मलारातील पद विठ्ठलाला बाप म्हणून हाक मारते आणि भैरवातील पद यादवरायाला आळविते; औंढ्याचे दैवत तर शिव आहे. तेव्हा पदांच्या शब्दांवरून औंढा सिद्ध होत नाही. तो मराठी परंपरेने दिलेला पत्ता आहे. मात्र तो पत्ता अर्थशून्य नव्हे. शिवाच्या दारी विठ्ठलाचा भक्त गातो, आणि शिव त्याच्याकडे तोंड फिरवितो, असे सांगून वारकरी परंपरेने हरिहरांच्या ऐक्याचा आपला सिद्धांत या कथेत ओवला.

आता भाषेकडे वळू. मलारातील पदाची घडण जुन्या हिंदीची आहे. क्रियापदांची कितीतरी रूपे सरळ व्रजभाषेची आहेत. पण प्रत्येक यमकस्थानी ‘ला’ येतो. हे लक्षण पाहून पद मूळ मराठी होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘कोपिला’ हे जुन्या मराठीच्या भूतकालवाचक कृदंताशी जुळते, आणि ‘होइला’ हे मराठी भविष्यकाळाच्या ‘होईल’ या रूपाशी अर्थानेही जुळते. परंतु ‘कोइला’ हे सर्वनाम आहे, ‘अपारला’ हे विशेषण आणि ‘पिछवारला’ हे नाम. यांना ‘ला’ लागण्यास मराठी व्याकरणात आधार नाही. शिवाय ‘ल’युक्त भूतकाळ भोजपुरी, मैथिली, बंगाली या पूर्वेकडील भाषांतही आहे, केवळ त्यावरून मराठीपण ठरत नाही.

मग या ‘ला’चा उलगडा कसा करावयाचा? तो व्याकरणात शोधण्यापेक्षा गायनात शोधणे युक्त होय. ‘बीठुला’ या संबोधनाशी यमक जुळविताना हा वर्ण पदभर पसरला, आणि तो गाणाऱ्यांच्या कानात नामदेवांच्या वाणीची खूण होऊन बसला, असे मानल्यास सर्व रूपांची संगती लागते. नामदेवांचा अंत आणि आदिग्रंथ यांत सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात शब्द बदलले तरी दक्षिणेकडच्या गायकाचा सूर ओळखू यावा, ही काळजी परंपरेने घेतली. सी. एल. नोव्हेट्झके यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात नामदेवांची स्मृती पोथीपेक्षा कीर्तनाने जपली, असे जे प्रतिपादन केले आहे, त्याला हे पद पोषकच आहे.

देऊळ फिरले की नाही, हा इतिहासाचा प्रश्न नव्हे. इतिहासाच्या दृष्टीने मोलाचा आहे तो पदाचा पूर्वार्ध. त्यात चमत्कार नाही. शूद्र म्हणून मारून उठविल्याची तक्रार आहे, पंडितांनी दिलेली ‘ढेढ’ ही शिवी आहे, आणि मेल्यावर दिलेल्या मुक्तीचा उपयोग काय, असा देवालाच केलेला रोकडा प्रश्न आहे. मराठी परंपरेत नामदेव शिंपी, पंजाबी परंपरेत छीपा; स्थळ कोठे पंढरपूर, कोठे औंढा. हे तपशील बदलत गेले. अपमान मात्र कोणत्याही परंपरेने गाळला नाही.

२०१५ मध्ये पंजाबातील घुमान येथे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा दोन्ही प्रांतांच्या नामदेवांचा एकत्र विचार करण्याची निकड पुन्हा जाणवली. ‘श्री नामदेव गाथा’ १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केली. गुरुमुखीतील पाठ तर त्याहून कितीतरी आधी स्थिर झालेला आहे. या दोहोंची पदशः तुलना झाल्याविना नरसीच्या या गायकाची भाषा कोणती, याचे उत्तर मिळणार नाही. त्या तुलनेचा आरंभ ज्या पदात गायकाला देवळामागे बसविले, त्याच पदापासून करणे उचित ठरेल.