भुकेल्या माणसाच्या हातात पाककृतींचं पुस्तक

१९४४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या इमारतीत ३६ तरुण राहायला आले. महायुद्ध चालू होतं, पण या मुलांनी विवेकाला पटत नाही म्हणून बंदूक धरायला नकार दिला होता. लढण्याऐवजी ते नागरी सेवा करत होते. तिकडे युरोपात उपासमार चालली होती. अशा भुकेल्या माणसांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे ऍन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाला शोधायचं होतं. त्यासाठी आधी धडधाकट माणसं उपाशी ठेवणं भाग होतं, आणि ही मुलं त्याला स्वखुशीने तयार झाली.

पहिले १२ आठवडे नेहमीचं जेवण. मग २४ आठवडे त्याच्या निम्मं: बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज साधारण १,६०० कॅलरी, आणि वर आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. (हा आकडा ओळखीचा वाटतोय? आज याहून कमी कॅलरींचे ‘प्लॅन’ इन्स्टावर सर्रास फिरत असतात, आणि त्यांना कुणी उपासमार म्हणत नाही.) मुलांचं जवळपास पाव वजन उतरलं.

पण खरी गोष्ट डोक्यात काय झालं त्याची आहे. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. पेपरात भाज्यांचे भाव बघू लागली. ताटातलं कालवत, चिवडत एकेक जेवण लांबवायची आणि शेवटी ताट चाटून पुसायची. काहींना आपण बारीक झालोय असं वाटेना, उलट बाकीचेच जाड दिसू लागले. काहींनी गुपचूप भरपूर खाल्लं आणि मग अपराधी वाटून घेतलं. लक्षात घ्या, मनाने आणि शरीराने ठणठणीत अशीच मुलं निवडून घेतली होती. प्रयोग संपल्यावर काहींनी तर स्वयंपाकाचाच पेशा धरला.

कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये हे सगळं दोन जाडजूड खंडांत छापलं. पुढे ऍनोरेक्सियावर काम करणाऱ्यांना त्यात आपलेच पेशंट दिसले. खाण्याचा ध्यास घेतल्यामुळे माणूस उपाशी राहतो असं आपण धरून चालतो. मिनेसोटात उलटं घडलं होतं: आधी उपास, मागून ध्यास.

म्हणूनच आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांबद्दल नेहमी विचारला जाणारा प्रश्न मला अर्धवट वाटतो. तो असा: हा कोर्स मुलींना आजारी पाडतो, की आधीच खाण्याशी झगडणाऱ्या मुली हा कोर्स निवडतात? अभ्यासांची उत्तरं एकसारखी नाहीत. २०१० मध्ये छापलेल्या एका जर्मन पाहणीत पोषणशास्त्राचे विद्यार्थी इतरांपेक्षा खाण्यावर जास्त लगाम ठेवताना आढळले, पण ‘शुद्धच खायचं’ हा अट्टहास वरच्या वर्गांत कमी दिसला. (या अट्टहासाला ‘ऑर्थोरेक्सिया’ हे नाव १९९७ मध्ये स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरने दिलं.) म्हणजे नीट शिकवलेलं ज्ञान सुटकेचा रस्ताही ठरत असेल.

मिनेसोटा तिसरी शक्यता दाखवतं. एखादी मुलगी बारावीतच जेवण तोडू लागली असेल, तर कॅलरींचे तक्ते तिला गोड लागणारच. ती त्याला आवड म्हणेल, घरचे करिअर म्हणतील, आणि दोघंही खोटं बोलत नसतील. मग वर्गात कालच्या २४ तासांत काय खाल्लं ते लिहायचं, उंची-वजन मोजायचं, बीएमआय काढायचा. हे शिकायलाच हवं, त्याशिवाय पेशंट कसा तपासणार? पण सराव बहुतेक वेळा स्वतःच्याच ताटावर होतो. आणि जिची वही सगळ्यात नेटकी, ग्रॅमपर्यंत मोजलेली असते, तिला शाबासकी मिळते. ती डबा कुठे आणि कुणाबरोबर खाते, हे त्या वहीत कुठेच लिहायचं नसतं.